राखेच्या दोन रेघा

"मग ती माझ्याबरोबर येत का नाही, एवढंच मला सांगा."

जनार्दन उभाच होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता.

बाबा विळीवर दुधी चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "तिलाच विचार."

"विचारलं. तिने दार लावून घेतलं."

"मग सांगितलं की तिने."

जनार्दनने झोपडीच्या बंद दाराकडे पाहिलं. आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला.

हिमालयाच्या पायथ्याशी शिवालिकच्या टेकड्या आहेत. तिथल्या एका जवळजवळ कोरड्या नदीच्या काठावर बाबांची झोपडी होती. संन्यास घेण्याआधी ते मिरजेकडच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत. भगवी वस्त्रं अंगावर आली तरी दगडांचा नाद सुटला नाही, म्हणून आसपासचे लोक त्यांना पत्थरबाबा म्हणत.

जनार्दन त्यांचा विद्यार्थी. आधी वर्गातला, मग शिष्य. आता कृष्णेकाठी त्याचा स्वतःचा आश्रम होता आणि लोक त्याला महाराज म्हणत. त्याच्या प्रवचनाला मांडव पुरत नसे.

दाराआड होती ती कमळाक्का, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा जनार्दन पाटी घेऊन शाळेत जात होता. अक्कानेच त्याला वाढवलं. तिने लग्न केलं नाही. आश्रम उभा राहिला तेव्हापासून आतलं सगळं तीच बघायची. पावसाळा संपता संपता ती कुणाला न सांगता निघाली आणि गाड्या बदलत थेट इथे आली. बाबा कॉलेजात असताना कितीदा तिच्या हातचं जेवले होते. तेवढीच तिची ओळख.

जनार्दन तिला न्यायला आला होता. बरोबरची माणसं त्याने खालच्या गावातच थांबवली होती. महाराजांची बहीण निघून गेली, हे त्यांना माहीत नव्हतं. अक्का यात्रेला गेलीय, असं त्याने सांगितलं होतं.

"मी तिला काय कमी केलं?" तो म्हणाला. "आश्रमात सगळे तिला वाकून नमस्कार करतात. आणि मी... माझ्या तोंडून कुणाला कधी कठोर शब्द गेलाय का, लोकांना विचारा."

"कुठल्या लोकांना?"

"कुणालाही. हजारोंनी येतात."

"लांबून येतात?"

"बेळगावाहून येतात. मुंबईहून येतात. परदेशातूनसुद्धा."

"आणि बसतात किती लांब?"

जनार्दनला प्रश्न कळला नाही.

बाबांनी चिरलेला दुधी पाण्यात टाकला, वर ताटली झाकली आणि हात धोतराला पुसले.

"चल. जरा पाय मोकळे करू."

"मी फिरायला आलो नाही, बाबा."

"ठाऊक आहे. पण ती काही आत्ता दार उघडत नाही. दुधी मात्र तीच शिजवणार आहे. तोवर चल."

दोघे नदीच्या पात्रात उतरले. पाणी कुठेतरी मधोमध एवढंसं वाहत होतं. बाकी सगळी वाळू.

बाबा आधी प्रवाहाच्या दिशेने, खाली निघाले. चालता चालता जनार्दनच बोलू लागला.

"ती गेल्यापासून सगळी घडी विस्कटलीय. गेल्या महिन्यात प्रवचन चालू होतं. पुढे एका बाईचं मूल रडायला लागलं. रडतच राहिलं. आणि मी..."

बाबा चालत राहिले.

"मी म्हणालो, पोर सांभाळता येत नाही तर आलीस कशाला. माइक चालू होता."

"मग?"

"मग काय. सगळा मांडव गप्प."

"लोक काय म्हणाले?"

"म्हणाले, महाराजांचं तेज वाढलंय."

"तुला काय वाटलं?"

जनार्दन थोडा वेळ वाळूकडे बघत चालला.

"खरं सांगू? आधी मलाही तसंच वाटलं."

"आणि नंतर?"

"ती उठून गेली. जाताना त्या मुलाच्या तोंडावर हात दाबून धरला होता तिने. आवाज येऊ नये म्हणून... तेवढंच मला सारखं दिसतं."

 नदीचं वळण आलं आणि समोर मातीचा एक उंच कडा उभा राहिला.

पुरांनी काठ कापून काढला होता, त्यामुळे आतले थर उघडे पडले होते. तांबूस, पिवळट, पुन्हा तांबूस. एकावर एक, थोडे कललेले. त्यांतून राखाडी पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा गेल्या होत्या. एक खाली कमरेशी, एक वर डोक्यापलीकडे. त्याच्याही वर, अगदी माथ्याजवळ, मऊ थर संपत होते आणि गोटे सुरू होत होते.

"एक हात खालच्या रेघेवर ठेव," बाबा म्हणाले.

जनार्दनने ठेवला.

"दुसरा वरच्या रेघेवर."

टाचा उचलल्यावर तोही हात पोचला. भिंतीला चिकटलेल्या पालीसारखा तो उभा राहिला.

"महाराजांना असं कुणी बघायला नको," बाबा म्हणाले.

जनार्दन पहिल्यांदा थोडं हसला.

"या रेघा कसल्या?" बाबांनी विचारलं.

"राख आहे. लांब कुठे तरी ज्वालामुखी फुटला असणार. वाऱ्याबरोबर राख आली आणि सगळ्या मुलखावर एकदमच बसली. तुम्हीच शिकवलंत."

"एकदम?"

"एकदम. म्हणून तर काळ जुळवायला तिचा उपयोग होतो. ही रेघ जिथे जिथे दिसेल, तिथे तो एकच काळ."

"दोन्ही रेघा सारख्याच?"

जनार्दनने निरखून पाहिलं. नखाने खरवडलं. "नाही. खालच्या राखेत काळे, चकाकते कण आहेत. वरच्या राखेत नाहीत."

"बरं. आणि दोन्हींच्या मध्ये काय?"

"मधला काळ. त्या काळात नदीने आणलेला गाळ." त्याने चिमटीत थोडी माती घेऊन चोळली. ती चाळलेल्या पिठासारखी मऊ होती. "एक खडासुद्धा लागत नाही हाताला."

"तेव्हा डोंगर कसा होता?"

"शांत. अगदी शांत असणार. नुसता मऊ गाळ पाठवत होता."

"आणि ते वरचे गोटे?"

जनार्दनचा आवाज आपोआप थोडा चढला. हा त्याच्या ओळखीचा भाग होता. "ते नंतरचे. तेव्हा डोंगर उठला. म्हणून दगड इथवर आले. मी प्रवचनात हा दृष्टांत नेहमी देतो. साधक जसा वर चढतो, तसं त्याच्यातलं जड, टणक असं बाहेर पडू लागतं. ते बघून लोकांनी घाबरू नये. ती चढण्याची खूण असते."

"बरं," बाबा म्हणाले. "लोकांना आवडतो दृष्टांत?"

"फार."

"आवडणारच."

बाबा मागे वळले. आता ते पात्रातून वरच्या बाजूला, डोंगराकडे निघाले. झोपडी मागे पडली. राखेच्या रेघा कललेल्या थरांबरोबर जमिनीत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"पुढच्या रांगेपाशी त्या पुन्हा वर येतात," बाबा म्हणाले. "तिथे बघू."

"तिथेही हाच गाळ असेल ना?"

"तू सांग. त्या काळी ती जागा डोंगराच्या अगदी पायाशी होती, आणि मगाची जागा त्याच्यापासून पुष्कळ कोस लांब. मधली जमीन डोंगरानेच पुढे ढकलत, चुरगळत आणली. म्हणून आज आपण दोन्हीकडे एका सकाळीत चालत जातो."

 वाळू संपून दगडगोटे लागले होते. जनार्दनच्या पायातल्या चपला मांडवातल्या सतरंजीवर चालायच्या होत्या. एका बोराटीत त्याचं उपरणं अडकलं. त्याने ओढलं तसं ते टर्रकन फाटलं.

"कसला रस्ता हा," तो कडाडला. "आधी सांगता येत नाही? काही विचार करता की नाही?"

आवाज समोरच्या कड्यावर जाऊन परत आला.

तो लगेच वरमला. "बाबा... माफ करा. तुम्हाला बोलायचं नव्हतं."

"असू दे. मी जवळ होतो."

त्यांनी बोराटीतून उपरणं हळूच सोडवून दिलं आणि पुढे चालू लागले.

दुसरा कडा आला तेव्हा उन्हं तापली होती. या कड्यात माती शोधावी लागत होती. सगळे दगड. माणसाच्या डोक्याएवढे, काही भोपळ्याएवढे, एकमेकांवर रचल्यासारखे, आणि फटींत भरड वाळू.

"शोध," बाबा म्हणाले आणि एका धोंड्यावर बसले.

जनार्दन कड्याच्या तळाशी वाकून हिंडला. थोड्या वेळाने त्याने हाक मारली. गुडघ्याएवढ्या उंचीवर राखेची रेघ होती. त्याने नखाने खरवडलं. काळे कण चकाकले.

"खालची रेघ. हीच ती."

"हात ठेव."

त्याने ठेवला.

"दुसरा हात वरच्या रेघेवर."

जनार्दनने वर पाहिलं. दगड. आणखी वर पाहिलं. दगडच. मान पार मागे टाकली तेव्हा माथ्याजवळच्या झाडांच्या मुळांखाली काही तरी फिकट दिसल्यासारखं झालं.

"ती... ती वरची?"

"जाऊन बघ."

कड्याच्या बाजूने शेळ्यांची वाट वर गेली होती. जनार्दनने चपला काढल्या आणि चढू लागला. वाटेत जागोजागी तो थांबे, कड्याच्या पोटावर हात ठेवी, पुन्हा चढे. दगड संपत नव्हते. एका धोंड्याला टेकून तो बराच वेळ धापा टाकत बसला. मग उठला.

वर पोचल्यावर त्याने रेघ खरवडली. राख होती. काळे कण नव्हते.

तो तिथेच खाली बसला.

बाबा हळूहळू, काठी टेकत वर आले. त्याच्या शेजारी बसले. दोघांच्या पायांखाली तो सगळा कडा होता.

"हीच का?"

"हीच."

"दोन्हींच्या मधला काळ?"

"तोच. तिकडे होता तेवढाच."

"आणि डोंगर?"

"तोच..."

वारा आला. खाली कुठे तरी एक खडा सुटून गडगडत गेला.

"तू म्हणालास, तेव्हा डोंगर शांत होता."

जनार्दनने खाली, पहिल्या कड्याच्या दिशेने पाहिलं.

"तिथून तसा दिसत होता."

बाबांनी मान हलवली. "एवढं सगळं इथे मावलं कसं?"

हा परीक्षेतला प्रश्न होता आणि जनार्दन परीक्षेतल्यासारखा बोलू लागला. "डोंगर उठतो तेव्हा त्याचं वजन पायथ्यावर येतं. पायथ्याची जमीन वाकते, खचते. तिथे लांबलचक खोलगट भाग तयार होतो. डोंगर जितका वर, तितका पायथा खाली. जितका तो खाली जातो, तितकी जागा होते. मग नदीने आणलेले दगड तिथेच अडतात, तिथेच पुरले जातात. पुढे जातो तो नुसता..."

तो थांबला.

"नुसता?"

"गाळ. मऊ."

"इथली जमीन खचली नसती तर?"

"तर दगड पुढे गेले असते."

"कुणाकडे?"

 जनार्दन लांब खाली बघत होता. तिथे नदी टेकड्यांतून बाहेर पडून मैदानात जात होती, आणि मैदानात हिरवी शेतं होती.



"आता या रेघेच्या वर बघ," बाबा म्हणाले. "काय आहे?"

जनार्दनने मागे वळून पाहिलं. रेघेवर दगडांचा एक पातळ थर होता. त्यावर माती, मुळं, गवत.

"फारसं काही नाही."

"का? नदी आटली होती?"

"नाही. नदी होती. दगडही आणत होती." तो आता सावकाश, शब्द तपासत बोलत होता. "पण इथे जागा उरली नव्हती. जमीन खचायची थांबली होती. भरून गेली होती."

"मग दगड कुठे गेले?"

"पुढे. खाली. त्या पहिल्या कड्यात वर जे गोटे आहेत..."

"ते."

"हो. ते हेच."

"आणि तेव्हा डोंगर उठत होता?"

जनार्दनने डोळे मिटले. ओठ हलत होते. मांडणी पुन्हा पुन्हा करून बघत होता.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "उठत असता तर पायथा खचत राहिला असता आणि दगड इथेच राहिले असते. लांबवर दगड पोचले, म्हणजे डोंगर तेव्हा उठायचा थांबला होता. मी... मी उलटं सांगत आलो, बाबा. इतकी वर्षं."

"दृष्टांत चांगला होता."

"थट्टा नको."

"थट्टा नाही रे. मीही पहिल्यांदा तेच म्हटलं होतं. कडा एकच बघितला की असंच होतं."

जनार्दनने फाटकं उपरणं हातात घेतलं. त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"म्हणजे त्या दिवशी मांडवात त्या बाईवर गेलं, ती काही चढण्याची खूण नव्हती."

  बाबा आधी उठले आणि शेळ्यांच्या वाटेने उतरू लागले.

झोपडीपाशी परतले तेव्हा दार उघडं होतं. अक्का बाहेरच्या चुलीवर भाकरी भाजत होती. दुधीची भाजी बाजूला उतरवून ठेवलेली.

"झाले दगड बघून?" ती म्हणाली. "पाय धुवा. आणि जना, चपला कुठे तुझ्या?"

जनार्दनने पायांकडे पाहिलं. चपला कड्याखालीच राहिल्या होत्या.

"लहानपणी पण शाळेतून असाच यायचा," अक्का बाबांना म्हणाली. "मास्तर सगळे धडे घोकून घ्यायचे, चपला कुठायत ते विचारायचं राहायचं."

दोघे जेवायला बसले. तिने वाढलं. जनार्दनने घास हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

"अक्का, प्रवचनाआधी मी मांडवामागच्या खोलीत यायचो."

"यायचास."

"तिथे तू असायचीस."

"दुसरं कोण असणार?"

"मी ओरडायचो का तुझ्यावर?"

अक्काने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. बाबांकडे बघितलं. बाबा खाली बघून जेवत होते.

"तुला माहीत नाही?"

"सांग ना."

"रोज," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुझं काही ना काही बिनसलेलं असायचं. काढा गार झाला, उपरण्याला डाग पडला, माइकवाला उशिरा आला. ते सगळं माझ्यावर यायचं. आईवरून बोलायचास, माझ्या अक्कलेवरून बोलायचास. मग तोंडावरून पाणी फिरवून बाहेर जायचास आणि असा मऊ बोलायचास की बाया डोळे पुसायच्या. मी पडद्याआडून बघायची."

"रोज?"

"एखाद्या दिवशी सगळं बेतशीर असायचं. त्या दिवशी तू तसाच बाहेर जायचास आणि तुझ्या आवाजाला धार असायची. मला कळायचं. वाटायचं, आज हा कुणावर तरी घसरणार. म्हणून मग तू बाहेर पडायच्या आधीच..." ती थांबली आणि हसली. "मग मी उपरण्याची घडी उलटी घालून ठेवायची."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. काढ्यात मीठसुद्धा घातलंय एकदा. दत्तजयंतीला. तीन गावचे लोक आले होते रे. मला अगदी मनाला लागेल असं बोललास त्या दिवशी. पण प्रवचन किती गोड झालं."

बाबांना ठसका लागला. ते पाणी प्यायले.

जनार्दन हसला नाही. त्याच्या हातातला घास तसाच होता.

"मला वाटायचं, तू वेंधळी आहेस."

"वाटू दे म्हटलं."

"मग गेलीस का?"

अक्काने भाकरी उलटली. ती फुगू दिली.

"एक दिवस तू ओरडत होतास आणि मला काहीच वाटत नव्हतं. तुझे ओठ हलताना दिसत होते. मी आपली विचार करत होते की डाळ भिजत घातली का नाही. तेव्हा घाबरले. म्हटलं, माझ्यात आता काही जात नाही. आणि मी घेत नाही म्हटल्यावर ते कुठे जाणार, तेही कळत होतं. शेवंता येते ना कामाला, ती अलीकडे मांडवामागे यायला लागली होती. माझं बघून उपरण्याची घडी शिकत होती. तिला सांगितलं, त्या खोलीत पाय टाकायचा नाही. आणि निघाले." तिने पदराने कपाळ पुसलं. "लोकांवर जाईल हे माहीत होतं, जना. तरी निघाले. थकले रे मी."

चुलीत एक लाकूड तडकलं.

"गेलं लोकांवर," जनार्दन म्हणाला. "एका बाईवर गेलं. तिच्या मुलावर."

"हं."

"अक्का, चल माझ्याबरोबर. सगळ्यांसमोर तुझ्या पाया पडतो. व्यासपीठावर माझ्या शेजारी तुझी खुर्ची ठेवतो. सांगतो सगळ्यांना, जे काही आहे ते हिच्यामुळे..."

"म्हणजे पुन्हा मी तुझ्या जवळच बसायचं."

अक्काने हाताचं पीठ झटकलं.

"आणि खुर्चीत माझे पाय लोंबकळतात," ती म्हणाली.

"मग नुसती चल. खुर्ची नको, काही नको. आता मी ओरडणार नाही तुझ्यावर."

"ओरडशील."

तो तोंड उघडून काही म्हणणार होता. म्हटलं नाही. समोरच्या भाजीकडे बघत राहिला.

"हो," तो शेवटी म्हणाला. "ओरडेन."

अक्काने त्याच्याकडे नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे असं पाहिलं. मग तव्यावरची भाकरी काढून त्याच्या ताटात ठेवली.

"येते मी," ती म्हणाली.

जनार्दनने मान वर केली.

"पण खोलीत येणार नाही. मांडवात बसणार. शेवटच्या रांगेत, जिथे लोक चपला काढतात तिथे. इतकी वर्षं सगळे सांगतात, जनार्दनमहाराज किती मऊ बोलतात. पडद्याआडून नुसता सूर यायचा, शब्द नीट कळायचे नाहीत. मलाही बसून ऐकू दे."

"शेवटच्या रांगेत?"

"तिथवर येतो ना आवाज?"

"येतो."

"मग झालं. आणि त्या बाईला शोध. ती आली तर माझ्याजवळ बसेल. पोर रडलं तर मी घेईन बाहेर."

ती उठली आणि पाण्याची कळशी आणायला आत गेली. आत तिने कपड्यांचं बोचकं खाली ओढल्याचा आवाज आला.

जनार्दनने हातातला घास तोंडात घातला. सावकाश चावला. मग दाराकडे बघत, तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बाबांना म्हणाला,

"बाबा... प्रवचनाआधी त्या खोलीत आता माझ्याजवळ कोण असणार?"

बाबांनी ताटातला शेवटचा तुकडा भाजीला पुसून घेतला.

"तू असशील की," ते म्हणाले.